पायावरचा एम-६ : इलिझारोव्ह फ्रेमच्या नोंदी

१० एप्रिल २०२२

आधी कामाचं स्वरूप. उजवी नडगी, मध्यावर, दोन्ही हाडं तुटलेली, उघडं फ्रॅक्चर. डिसेंबरात रात्री शॉप बंद करून येताना मोटारसायकल रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कारखाने सुरू झाले की आमच्या कोल्हापूर भागात हे दरवर्षीचंच. डिस्चार्ज कार्डावर 'गुस्टिलो ३ बी' लिहिलंय. म्हणजे हाड बाहेर, माती आत, आणि झाकायला कातडी-मांस अपुरं. आधी पाय धुऊन बाहेरून सळी लावली. मग प्लास्टिक सर्जननी पोटरीतलं मांस फिरवून जखमेवर बसवलं, त्यावर मांडीची कातडी. कातडी मस्त धरली, हाडानं धरलं नाही. मार्चपासून एका भोकातून पू येतोय. एक्स-रेत एक तुकडा बाकीच्या हाडापेक्षा जास्त पांढरा दिसतो. तो मेलाय, काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचा बेत असा. मेलेला भाग कापून काढायचा. पायाभोवती गोल रिंगांची फ्रेम, तिचंच नाव इलिझारोव्ह. गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापायचं आणि मधला तुकडा रोज थोडा थोडा खाली सरकवून पोकळी बुजवायची. तो सरकताना मागे जी जागा उघडते तिथे नवीन हाड तयार होतं. मी म्हटलं, नवीन हाड येतं कुठून? डॉक्टरांनी पेनाचं टोपण सरकवून दाखवलं, पण त्यातून काही ते कळलं नाही.

मी टर्नर. एमआयडीसीत दोन लेथ, जॉबवर्क. सध्या भाचा चालवतो. नेटवर शोधलं तर इंग्रजीत खूप आहे, मराठीत फक्त 'हाड मजबूत करणारे दहा पदार्थ'. म्हणून ही वही.

२७ एप्रिल

काल फ्रेम बसली. साडेचार सेंटीमीटर हाड काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा पायाकडे बघवलं नाही. संध्याकाळी बघितलं आणि मग बघतच बसलो.

रिंगा, त्यांना जोडणारे आटे पाडलेले रॉड, आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा. तार १.८ मिलिमीटरची. एवढ्याशा तारेवर माणसाचं वजन कसं पेलणार, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर ताणात आहे. रिंगेत बसवताना तार शंभर ते एकशे तीस किलोच्या ताणावर ओढून आवळतात, म्हणून ती वाकत नाही, सायकलच्या चाकातल्या स्पोकसारखी. ताण गेला की तार नुसती तारच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

रॉड साधा एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, आट्याचा पिच १ मिलिमीटर. नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे रिंग बरोबर १ मिलिमीटर पुढे. पाना १०-११ चा. आयुष्यभर जो पाना हातात धरला तोच. हे ऐकून मला उगाच धीर आला. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, पाना तुमच्या हातात, पण ड्रॉइंग माझं."

३ मे

आज फिरवायला सुरुवात. कापल्यावर आठवडाभर काहीच करायचं नव्हतं. कापलेल्या जागी रक्त गोठून मऊ जोड तयार व्हावा लागतो, लगेच ओढलं तर मध्ये पोकळीच राहते.

दर दिवशी १ मिलिमीटर, पण एकदम नाही. पाव-पाव फेरा, चार वेळा. आमची वेळ सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपताना. सरकत्या रिंगेला चार रॉड आहेत. प्रत्येक रॉडवर रिंगेच्या वर एक नट, खाली एक. खालचा पाव फेरा सैल करायचा, मग वरचा पाव फेरा आवळायचा. क्रम उलटा केला तर नट अडतो, आणि मग माणूस जोर लावतो. जोर लावायचा नाही. नट अडला तर आधी खालचा नट बघा, तो सुटलेला नसतो.

दुखत नाही म्हणाले होते. पाव फेऱ्याला खरंच फारसं दुखत नाही. दिवसाच्या शेवटी दुखतं.

९ मे

रात्रीचा फेरा थोरल्याकडे दिला होता. पोरगं दहावीत, हाताला चांगलं आहे, पण झोपेत होतं. सकाळी रोजच्यासारखं व्हर्नियर लावलं. मी वरच्या रिंगेपासून सरकत्या रिंगेपर्यंतचं अंतर चारही रॉडवर मोजून लिहितो. चारही आकडे हवे होते त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं कमी. म्हणजे रिंग खाली जायच्या ऐवजी वर आली होती.

डॉक्टरांना फोन केला. ओरडले नाहीत. भरपाई म्हणून दोन फेरे एकदम मारू नका, वेळापत्रक तसंच चालू द्या, एवढंच सांगितलं. वर एक गोष्टही सांगितली. गाव्रिल इलिझारोव्ह हे सोव्हिएत डॉक्टर, सैबेरियातल्या कुर्गान शहरात १९५० च्या दशकात त्यांनी ही फ्रेम वापरायला सुरुवात केली. तुटलेली टोकं एकमेकांवर दाबायची, एवढाच तेव्हाचा उद्देश. एका रुग्णानं म्हणे नट उलटा फिरवला, टोकं दूर गेली, आणि एक्स-रेत मधल्या जागेत नवीन हाड दिसलं. हा किस्सा ऑर्थोपेडिकवाले सगळे सांगतात, खरा-खोटा देव जाणे. पोराला सांगितला तर तो आता घरात शास्त्रज्ञ असल्यासारखा वागतोय.

केलेली दुरुस्ती: बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक नटाच्या एका बाजूला ठिपका, आणि रिंगेवर फिरवायच्या दिशेचा बाण. रात्रीचा फेरा साडेनऊला आणला. भिंतीवर तक्ता, फिरवणाऱ्यानं सही करायची. पैसे शून्य. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१७ मे

फ्रेम बसवण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं ते लिहितो. रिंग सरकते तशा तिच्या तारा हाडाला घेऊन मांसातून आणि कातडीतून खाली सरकतात. तारेच्या पुढची कातडी ताणते, लाल होते, मग हळूहळू कापत जाते आणि मागे भरून येते. माझ्या नडगीवर आता वरून खाली ओरखडे आहेत. रात्री तिथे आग होते. कातडी फारच ताणली तेव्हा डॉक्टरांनी ओपीडीत भूल देऊन तारेपुढे छोटा छेद दिला, त्या रात्री झोप लागली.

गोळी फक्त पॅरासिटामॉल, लागलीच तर ट्रामाडॉल. डायक्लोफेनॅक घरात होती, ती आमच्या डॉक्टरांनी बंद केली, हाड तयार होण्यात आडवी येते म्हणाले. मेडिकलवाला विचारल्याशिवाय तीच देतो. चिठ्ठीवर लिहून घ्या.

२७ मे

वाईट दिवस. एक्स-रेत वरच्या जागेत नवीन हाडाची सावली असायला हवी, ती विरळ आहे. मधोमध तर काळी फट. डॉक्टरांनी फिरवणं पाच दिवस थांबवलं. नंतर दिवसाला तीनच पाव फेरे, म्हणजे ०.७५ मिलिमीटर.

मग त्यांनी पुन्हा विचारलं, "सिगारेट नाही ना?" मी म्हटलं नाही. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मावा चालतो का डॉक्टर?"

पहिल्या दिवसापासून फॉर्मवर धूम्रपानाला 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. माव्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही तो त्यात धरला नाही. निकोटीन गालातून गेलं काय किंवा छातीतून, रक्तात तेच जातं. बारीक रक्तवाहिन्या आवळते, आणि नवीन हाड सगळं त्याच वाहिन्यांवर उभं. डॉक्टर पहिल्यांदा चिडले. "मी इथे पाव-पाव मिलिमीटर मोजतोय आणि तुम्ही दिवसाला पाच पुड्या!"

पुड्या गटारात टाकल्या. निकोटीनची च्युइंगगम चालेल का विचारलं, तीही नको म्हणाले, त्यातही तेच. बडीशेप आणि लवंग. पहिला आठवडा घरच्यांसाठी माझ्या पायापेक्षा माझं तोंड अवघड होतं.

१४ जून

गुडघ्याखाली उशी. फ्रेम घातलेल्या प्रत्येक माणसाला ती घ्यावीशी वाटते, कारण आराम पडतो. मी महिनाभर घेतली. फिजिओ मॅडमनी घरी येऊन आधी उशीच काढली. गुडघा सरळ होतच नव्हता, वीसेक अंश वाकलेला राहिला होता. आता टाचेखाली लहान गुंडाळी आणि गुडघा हवेत, वर मांडीवर दोन किलोची पीठपिशवी, दिवसातून तीनदा वीस मिनिटं. पीठपिशवीला चेष्टा समजू नका. घाम फुटतो.

घोट्याचं त्याहून वाईट. तुकडा खाली सरकतो तशी पोटरी ताणते आणि पाऊल खाली लटकतं, घोड्याच्या टापेसारखं टोकावर. मी पाऊल वर ओढायला गेलो तर काटकोनापर्यंतही येईना. मॅडमनी पावलाला आधाराची पट्टी आणायला सांगितली. दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या फ्रेमवर बसत नाहीत, खालची रिंग मध्ये येते. ऑनलाइन मागवलेली एक परत पाठवली, एक पडून आहे, त्यात नऊशे रुपये गेले.

मग भाच्यानं डोकं चालवलं. आमच्याकडे चपला करणारे कारागीर आहेत, पिढीजात कोल्हापुरी करणारे. त्यांना घरी आणलं. त्यांनी फ्रेम बघितली, सुतळीनं माप घेतलं आणि दोन दिवसांत जाड चामड्याचा तळ करून दिला. पुढे दोन्ही बाजूंना पितळी कड्या, त्यातून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या वरच्या रिंगेला. पाऊल चोवीस तास वर ओढलेलं. साडेतीनशे रुपये घेतले. मॅडमनी फोटो काढून नेला.

हे फ्रेम बसतानाच करून ठेवा. लटकलेलं पाऊल वर आणायला मला पुढे किती वेळ लागला ते खाली येईलच.

४ जुलै

तुकडा खाली टेकला. व्हर्नियर आणि एक्स-रे दोन्ही सांगतात. वरच्या जागेत आता धुरकट पांढरं दिसतंय, काळी फट गेली. मावा सोडल्यामुळे की वेग कमी केल्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात केलं.

आता टेकलेल्या टोकांवर दाब ठेवायचा, आठवड्याला थोडासाच फेरा. डॉक्टरांचा हिशेब: एक सेंटीमीटर नवीन हाड पक्कं व्हायला फ्रेममध्ये एक ते दीड महिना. साडेचार सेंटीमीटरचं तुम्हीच करा. मी केलं आणि कॅलेंडर उलटं टांगलं.

२१ जुलै

पाऊस. कोल्हापुरात जुलैत गॉजसुद्धा वाळत नाही. पोटरीच्या बाजूच्या दोन तारांभोवती लाली, पिवळट पाणी आणि ठणका. ताप नाही. पाच दिवस गोळ्या घेतल्या, उतरलं. पुन्हा चढलं. तेव्हा डॉक्टरांनी तार हलवून बघितली तर ती सैल होती. सैल तार कातडीत घासते, घासलं की चिघळतं, आणि वर गोळ्या घेत बसलं की नुसतं दबतं. तार पुन्हा ताणून आवळली, आठवड्यात जागा कोरडी झाली. वर लिहिलंय तो ताण हाच. एका तारेची जागा वारंवार बिघडत असेल तर आधी ती तार ताठ आहे का ते तपासून घ्या.

आमची ड्रेसिंगची पद्धत, बऱ्याच फेरफारानंतर: हात साबणानं धुवायचे. सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली फोडली की दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची (आधी आठवडाभर वापरत होतो, ती काटकसर महागात गेली). एका तारेला एक बोळा, तोच बोळा दुसऱ्या तारेला नाही. चांगल्या तारा आधी, चिघळलेली सगळ्यात शेवटी. खपल्या ओढून काढायच्या नाहीत, ओल्या करून सुटल्या तर सुटल्या. कातडी तारेला चिकटत असेल तर हलकेच मागे सारायची. मग गॉजची पट्टी गुंडाळायची, तीही कातडी हलणार नाही इतपत घट्ट. पोटरीच्या बाजूला हे जास्त लागतं, तिथे मांस हलतं.

आई हळद भरूया म्हणत होती. शेजारच्या वहिनी कांडवेल घेऊन आल्या, पन्हाळ्याकडच्या एका हाडवैद्याचा लेपही सुचवून गेल्या. डॉक्टरांचं म्हणणं सरळ: पोटात काय घ्यायचं ते विचारून घ्या, पण तारेपाशी सलाइनशिवाय काही न्यायचं नाही. कांडवेलीची भाजी झाली, लेप झाला नाही. पायाच्या रश्श्यालाही कुणाची ना नाही, पण रश्श्यात दम कितीही असला तरी पोटात प्रोटीन जायला अंडी, डाळ, दूध आणि मटणाचे तुकडेच लागतात, असं मॅडम म्हणाल्या. ड जीवनसत्त्व तपासलं, खूप कमी निघालं. दिवसभर शेडमध्ये काम, ऊन लागणार कुठून?

फ्रेमवर घालायला जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी बायकोनं शिवली, वर नाडी. पावसात रिक्षात बसताना तिच्याशिवाय चालत नाही. लेंग्याची उजवी शिवण उसवून वेल्क्रो लावला.

१४ ऑगस्ट: पैसे

पैशाचं कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो. अपघातानंतरच्या शस्त्रक्रिया केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाल्या. तिथली मर्यादा तेव्हा, २०२२ मध्ये, कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, ती तिथेच संपली. फ्रेमचं ऑपरेशन स्वतःच्या खिशातून, सगळं धरून एक लाख चाळीस हजार. त्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. ड्रेसिंगचं सामान महिन्याला दोन हजारांच्या आसपास. फिजिओ घरी यायचे साडेतीनशे, दवाखान्यात गेलं तर दोनशे, पण रिक्षाचे दीडशे. एक्स-रे दर महिन्याला. प्लास्टिकची कमोड खुर्ची अठराशे, ती पहिल्या आठवड्यात घ्या, भारतीय संडासात फ्रेम घेऊन बसता येत नाही. कुबड्यांची रबरं पावसात गुळगुळीत होतात, जोडी ऐंशी रुपयांना. यात कंजुषी केली तर दुसरा पाय मोडाल.

सगळ्यात मोठा खर्च बिलात येत नाही. दोन लेथपैकी एक बंद. भाचा एकटा किती करणार? एक जुनं गिऱ्हाईक गेलं.

दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो आठवून मी खूश झालो होतो. पॉलिसी वाचली. मृत्यू, अवयव किंवा डोळा जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व, एवढंच. हाड मोडून वर्षभर घरी बसणं त्यात येत नाही. ट्रॉलीवाल्याविरुद्धचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मेमध्येच दाखल केला. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांचा पंचनामा, एफआयआरची प्रत आणि पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे कागद नीट जपा. आमच्यात फोटो भाच्यानं काढले होते, ट्रॉलीची अंधारी मागची बाजू दिसते असे. वकील म्हणाले, हेच कामाला येणार. निकाल कधी ते विचारू नका. शॉपमधल्या कामगारांना एक सांगणं: तुमचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतला धरला जाऊ शकतो, आणि बसून असलेल्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात. मी मालक, म्हणून मला नाही.

८ सप्टेंबर

टेकलेल्या ठिकाणी हाड जुळेना. दोन टोकं एकमेकांवर दाबून बसली आहेत, पण मधली रेघ तशीच. सरकत आलेल्या टोकावर म्हणे मधल्या काळात पांढरट पापुद्रा चढतो, तो साफ करून मध्ये ताजं हाड भरावं लागतं. मंगळवारी ते झालं. कमरेच्या हाडातून चुरा काढून तिथे भरला.

पायाचं काही वाटलं नाही, कंबर मात्र बोलतेय. खोकला आला की डोळ्यांपुढे तारे. ऑपरेशनआधी मला पायाबद्दल सगळं सांगितलं, कमरेबद्दल एक वाक्य. तेव्हा खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधी बरा करून घ्या.

५ ऑक्टोबर

काल खंडेनवमी. शॉपवर गेलो, रिक्षातून. लेथला हार, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर. भाच्यानं माझा १०-११ चा पानाही त्यात ठेवला. "मामा, यंदा जास्त काम यानंच केलंय."

तिथे एक उपयोगाची गोष्ट सापडली. डॉक्टर कधीपासून म्हणत होते पायावर वजन टाका, या फ्रेमला वजन लागतं, वजनाशिवाय हाड पक्कं होत नाही. मी टाकतोय असं मला वाटत होतं. मालाच्या वजनकाट्यावर उजवा पाय ठेवून उभा राहिलो, कुबड्या हातात. काटा म्हणाला, नऊ किलो. माझं वजन अडुसष्ट! भीतीनं मी पाय नुसता जमिनीला लावत होतो. घरात साधा वजनकाटा आणला. रोज सकाळी त्यावर वीस, आठवड्यानं पंचवीस, असं शरीराला कळेपर्यंत. दिवाळीपर्यंत चाळीस.

१८ डिसेंबर

रात्री कुशीवर वळताना टण्ण आवाज. घरातले सगळे उठले. खालच्या रिंगेची एक तार तुटली, रिंगेपाशीच. रक्त नाही, दुखणंही फारसं नाही, फक्त घाबरगुंडी. तुटकं टोक चिकटपट्टीनं झाकलं आणि सकाळी गेलो. वजन टाकायला लागल्यापासून तारा थकतात, वाकून-वाकून तुटतात. धातूचं थकणं मला कळतं, पण ते आपल्याच पायात होईल हे सुचलं नव्हतं. बाकीच्या तारा पुरेशा आहेत, नवीन घातली नाही, तुटकी ओढून काढली. काढताना भूल नको म्हटलं. तुम्ही घ्या.

थंडीत तारा सकाळी बोचतात. लोकरीचा जुना स्वेटर कापून फ्रेमभोवती. एवढंच.

२० जानेवारी २०२३

शॉपला अर्धा दिवस. उंच स्टूलवर बसून फक्त मोजमाप आणि टूल घासणं. बसून पाय खाली सोडला की तासाभरात घोटा सुजतो, म्हणून दुसरं स्टूल पायाला. लेथवर नाही. फिरत्या चकजवळ फ्रेम न्यायची नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

२ एप्रिल

दोन्ही ठिकाणी हाड धरलंय, वरच्या जागेला चारपैकी तीन बाजूंनी स्पष्ट कड दिसते. तरी फ्रेम लगेच काढत नाहीत. महिनाभरापूर्वी काही नट सैल करून फ्रेमचा जोर कमी केला, म्हणजे वजन हाडावर येतं. त्यावर चालायचं. दुखलं किंवा एक्स-रेत हाड वाकलं तर पुन्हा आवळायचं. दुखलं नाही. पुढच्या आठवड्यात फ्रेम निघते.

डॉक्टरांना विचारलं, ही फ्रेम बसवणारे आपल्याकडचे डॉक्टर कुर्गानहून शिकून आले का? ते म्हणाले, पश्चिमेकडे ही पद्धत गेली ती एका इटालियन गिर्यारोहकामुळे. कार्लो माउरी, नडगीचं जुनं न जुळलेलं हाड घेऊन फिरत होता, १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. त्यानंतर १९८१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी इलिझारोव्हना बोलावलं. माणूस हाड मोडलं असताना मोहिमांवर जायचा म्हणे. मी बाथरूमला जाताना दोघांना हाक मारतो.

२ जून

एप्रिलात फ्रेम निघाली, त्यावर गुडघ्याखालून प्लास्टर, ज्यात वजन गुडघ्याच्या वाटीखाली पेललं जातं. फ्रेम काढल्यावर पहिले काही आठवडे नवीन हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो, म्हणून प्लास्टरला कुरकुर करू नये. मी केली, उन्हाळा होता. काल तेही निघालं.

पायाची अवस्था: पोटरी डावीच्या निम्मी. कातडी कोरडी, पापुद्रे. तारांच्या जागी खळगे. गुडघा पूर्ण सरळ, वाकतो पुरेसा. घोटा काटकोनाला कसाबसा येतो, त्याच्या वर नाही. पाय दीड सेंटीमीटर आखूड.

दीड सेंटीमीटर ऐकून मी बसलोच होतो. लेथवर दीड सेंटीमीटर म्हणजे जॉब भंगार. दोन सेंटीमीटरच्या आतलं बुटाच्या आत टाच उंच करून भागतं, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्याच चपलेच्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी उजव्या चपलेला टाचेला दीड सेंटीमीटर, पुढे सात मिलिमीटर असा उतरता तळ घातला. टाचेलाच दिलं तर पाऊल पुन्हा खाली तोंड करून राहील, हे त्यांना सांगावं लागलं नाही. एकसारखं उंच केलं तर चपलेचं वजन वाढतं, तेही त्यांनीच सांगितलं. जोडीला बाराशे.

१२ नोव्हेंबर

पूर्ण दिवस उभा राहून लेथवर. संध्याकाळी सूज येते, रात्रीत उतरते.

घोट्यावर मी हाडापेक्षा जास्त वेळ घालवलाय. जूनपासून रोज सकाळी उतरत्या फळीवर उभं राहणं, भिंतीला हात लावून. फळी शॉपमधल्या प्लायची, खाली ठोकळे बदलून उतार वाढवत न्यायचा. चार महिन्यांत काटकोनाच्या वर जेमतेम आठ अंश. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येते. जेवायला पाट गेला, खुर्ची आली. देवळात बसायची सोय बघावी लागते. नडगीत आता काहीच दुखत नाही, आणि लोक विचारतात मात्र नडगीचंच.

लेथचा पायब्रेक मी उजव्या पायानं मारायचो, तो झटक्यात दाबला जात नाही. डाव्यानं सवय करायला महिना लागला, तोवर जॉब भाच्यासमोरच. मोटारसायकलचं तेच, मागचा ब्रेक उजव्या पायाला. विकली. दोन्ही ब्रेक हातात असलेली स्कूटर घेतली, जुनी, अठ्ठावीस हजारांना. अंधार पडल्यावर ऊसवाहतुकीच्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घेतो, पेट्रोल जळू दे.

१८ फेब्रुवारी २०२४

एक्स-रे. नवीन हाडात आता आतली पोकळीसुद्धा तयार होतेय, मूळ हाडासारखी नळी. डॉक्टरांनी जुना, मेलेल्या तुकड्याचा एक्स-रे शेजारी लावून दाखवला. पू नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. हाडातला संसर्ग वर्षांनीही डोकं वर काढतो, तेव्हा लाली, ठणका, ताप आला तर गोळ्या न घेता आधी यायचं, असं बजावलं. मावा विचारला. बायकोकडे बघून विचारला.

दाव्याची पुढची तारीख एप्रिलमध्ये. कमोड खुर्ची, एक कुबडीजोड आणि चामड्याचा तळ शॉपच्या माळ्यावर आहे. कोल्हापूर-इचलकरंजी भागात कुणाच्या पायावर फ्रेम बसणार असेल तर घेऊन जा. तळ डाव्या पायाला चालणार नाही, पण त्याचं माप कारागिरांच्या वहीत आहे, ते उलटं करून देतील.